क्रोमची चाकं : घासायचं कमी, धुवायचं जास्त

न्हावा-शेव्याहून कंटेनर घेऊन निघालेला ट्रक कसारा घाट चढून इगतपुरीला येतो, तोवर वाटेतला सगळा मुलूख त्याच्या चाकांना चिकटलेला असतो. बंदराकडची खारी हवा, पडघा-शहापूरच्या पट्ट्यात रस्त्याच्या कामांची सिमेंटची धूळ, पावसाळ्यात घाटातला चिखल, आणि मागच्या खेपेला हाच घाट उतरताना ब्रेकचे लायनर झिजून निघालेली काळी भुकटी. त्यावर इगतपुरीचा पाऊस. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे जाणारा हा पाऊस जून ते सप्टेंबर लोखंडाला कोरडं होऊच देत नाही. दसऱ्याला हौसेनं बसवलेल्या क्रोमवर पुढच्या गणपतीपर्यंत तांबड्या ठिपक्यांची नक्षी उठते, ती यामुळेच, असं बहुतेक गाडीमालक सांगतात.

पाऊस कारण आहेच, पण अर्धंच. क्रोम खराब होतं त्याला पावसाइतकीच आपली साफ करण्याची पद्धत जबाबदार असते. तारेची घासणी, फरशी धुवायचं ॲसिड, डिझेलचा बोळा आणि गरम चाकावर मारलेलं पाणी या चार गोष्टींनी जेवढं क्रोम घालवलं आहे, तेवढं घाटातल्या पावसानं घालवलेलं नाही. म्हणून चकाकी कशी आणायची हे बघण्याआधी ती जाते कशी, ते नीट समजून घेऊ.

क्रोम हा जाड पत्रा नसतो. लोखंडावर आधी निकेलचा थर चढवतात, काही वेळा त्याच्याही खाली तांब्याचा, आणि सगळ्यात वर क्रोमियमचा. निकेलचा थर साधारण १० ते ३० मायक्रॉनचा असतो. त्यावरचं क्रोमियम अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कांद्याच्या वाळलेल्या पापुद्र्याचे शंभर थर सोलता आले, तर त्यातला एक थर जेवढा होईल, साधारण तेवढं हे क्रोम. आपल्याला दिसणारी आरशासारखी चमक मुख्यतः खालच्या निकेलची असते. वरचं क्रोमियम त्या निकेलला काळवंडू देत नाही आणि ओरखड्यांपासून वाचवतं. क्रोमियम स्वतः गंजत नाही, कठीणही आहे. पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा आणि छिद्रं असतात. त्यांतून ओल आणि मीठ आत झिरपतं, निकेलमधूनही वाट काढतं आणि लोखंडापर्यंत पोहोचतं. वर दिसणारा तांबडा ठिपका हा क्रोमचा गंज नसतो, खालच्या लोखंडाचा असतो. तो घासून काढताना आपण भोवतालचं चांगलं क्रोमही झिजवतो, आणि पुढच्या महिन्यात तिथे एकाचे चार ठिपके होतात.

आता आपल्या चाकावर जे चमकतं ते खरोखर क्रोम आहे का, हे आधी पाहा. महामार्गावर धावणाऱ्या आपल्या बहुतेक ट्रकांची मूळ डिस्क रंग दिलेल्या लोखंडाची असते. तिच्यावर बसवलेलं चकचकीत कव्हर, हबचं झाकण, नटांच्या टोप्या हीच काय ती क्रोमची दुनिया. त्यातही काही झाकणं क्रोम चढवलेल्या लोखंडी पत्र्याची, काही स्टेनलेस स्टीलची, तर काही चक्क प्लॅस्टिकवर क्रोम चढवलेली. टोमॅटो-भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपला आणि हौशी जीपला क्रोमचं पूर्ण रिम किंवा ॲल्युमिनियमचं अलॉय चाक दिसतं. या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. एकाला चालणारं दुसऱ्याला मारतं.

ओळखायला फार साधनं लागत नाहीत. लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला तर खाली बहुधा लोखंड आहे. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, स्टेनलेस किंवा प्लॅस्टिक. बोटाच्या पेरानं टकटक केली की प्लॅस्टिक लगेच कळतं. राहिला प्रश्न ॲल्युमिनियमचा. एका कोपऱ्यात धुतलेल्या, कोरड्या भागावर मेटल पॉलिशचा थेंब टाकून पांढऱ्या कापडानं हलकेच पुसा. कापड काळंकुट्ट झालं तर तो उघडा ॲल्युमिनियम आहे. क्रोम स्वच्छ असेल तर कापड काळं पडत नाही. कापड तेवढं काळं होत नाही आणि चमकही निळसर नसून थोडी पिवळट-करडी असेल, तर स्टेनलेस समजा. अलॉय चाकावर कंपनीनं पारदर्शक लॅकर मारलेला असतो. त्यावर मेटल पॉलिश घासलं तर लॅकर धुरकट होतो आणि पुन्हा काही केल्या साफ होत नाही. अशा चाकाला नुसतं शाम्पू आणि मेण, बाकी काही नाही.

बाजारातल्या आणि रस्त्यावरच्या रामबाण उपायांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. संडास साफ करायच्या बाटलीत आणि फरशीच्या ॲसिडमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. हे ॲसिड क्रोमियम थेट विरघळवतं. पहिल्या वेळी चाक लखलखतं, कारण घाणीबरोबर वरचा थरही गेलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पिवळसर झाक येते, ती उघड्या पडलेल्या निकेलची. त्यानंतर फक्त गंज. काही वॉशिंग सेंटरवर पाच मिनिटांत चाकं पांढरी करून देतात, त्यांच्या डब्यात काय आहे हे विचारल्याशिवाय गाडी आत घालू नका. ॲल्युमिनियमला तर ॲसिडही खातं आणि कॉस्टिक सोडाही खातो. इंजिन धुवायचा जहाल डिग्रीझर अलॉयवर उडाला की पांढरे डाग कायमचे. पितळी-तांब्याची भांडी घासायची पावडर भांड्यांसाठी उत्तम, पण तिच्यातला आंबटपणा आणि खर क्रोमसाठी नाही. तारेची घासणी, काथ्या, वाळू आणि पॉलिश पेपर यांचंही तेच.

डिझेलचा बोळा फिरवण्याची सवय सगळ्यात जुनी. त्यानं डांबराचे ठिपके निघतात हे खरं आहे, म्हणून तेवढ्यापुरता, तेवढ्याच जागी वापर ठीक. पण आख्खं चाक डिझेलनं पुसून ठेवलं, की जो तेलकट पापुद्रा राहतो तो पुढच्या वीस किलोमीटरवर धूळ ओढून घेतो आणि ती धूळ दुसऱ्या दिवशी कापडाखाली खरकागदाचं काम करते. डिझेल टायरच्या रबराला लागलं तर रबर फुगतं, मऊ पडतं. डांबर काढलं की लगेच साबणाच्या पाण्यानं ती जागा धुऊन टाका.

घाट उतरलेल्या गाडीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भरलेला ट्रक कसारा उतरून खाली येतो, तेव्हा ब्रेकचा ड्रम दोनशे अंशांच्या वर सहज गेलेला असतो. खर्डीला किंवा शहापूरला चहाला थांबल्या थांबल्या क्लीनरनं चाकांवर बादली ओतली, तर तीन नुकसानं होतात. ड्रमला तडा जाऊ शकतो. क्रोम आणि खालचं लोखंड वेगवेगळ्या गतीनं आकसल्यामुळे थर सुटायला लागतो. आणि पाणी जागच्या जागी सुकून त्यातला क्षार डागासारखा भाजून बसतो. चाकाजवळ हाताची पाठ न्या, स्पर्श न करता. धग लागत असेल तर थांबा. भरलेल्या गाडीला तासभर लागला तरी लागू द्या. उतरताना कमी गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरणाऱ्या ड्रायव्हरच्या चाकावर काळी भुकटीही कमी बसते; चाकांची निगा खरं तर स्टिअरिंगवरच सुरू होते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावरच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे ज्यांचा घाट टळतो, त्यांच्या लायनरचा आणि चाकांचा बराच त्रास वाचतो. तरी लांब पल्ल्याच्या वेगानंतर लगेच पाणी मारायचं नाही, हा नियम तिथेही तोच.

धुण्याची रीत सोपी आहे, पण क्रम मोडायचा नाही. गाडी सपाट जागेवर, शक्यतो सावलीत लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना लाकडी ठोकळे द्या. चाकांसाठी बादली आणि कापड वेगळं ठेवा. चाकातली लोखंडी भुकटी केबिनच्या काचेवर गेली तर ओरखडे कायमचे. आधी नुसत्या भरपूर पाण्यानं चिखल भिजवून वाहवा. वाळलेला चिखल बोटानं किंवा कापडानं खरवडू नका, त्यात खडीची भुकटी असते. मागच्या जोड चाकांत बाहेरची डिस्क आत दबलेली असते. त्या खोलगट भागात चिखलाचा थर साचून ओल धरून ठेवतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, त्यामुळे पाइप तिथे जास्त वेळ धरा. दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगड दिसला तर तो आत्ताच काढा.

मग गाडीचा शाम्पू किंवा भांडी घासायचं सौम्य लिक्विड पाण्यात घालून मऊ ब्रशनं फेस करा. कपड्यांची पावडर टाळा. तिचा न विरघळलेला दाणा घासतो. नटांभोवती, कव्हरच्या कडेला, हवेच्या नळीपाशी दात घासायचा जुना ब्रश छान चालतो. एका वेळी एकच चाक घ्या. साबण चाकावर वाळू देऊ नका. खळखळून धुवा आणि लगेच कोरडं पुसा, हा शेवटचा भाग लोक सोडून देतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. बोअरचं पाणी क्रोमवर आपोआप सुकलं की पांढरे ठिपके ठेवून जातं. ते बसलेच असतील तर साध्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून कापड ओलं करा, ठिपक्यांवर अर्धा मिनिट टेकवा, पुसा आणि लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा. व्हिनेगरही आम्लच आहे, त्यामुळे तिथे रेंगाळू द्यायचं नाही. पुसायला मायक्रोफायबरचं कापड चांगलं. नसेल तर धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा किंवा धोतराचा तुकडा त्याहून कमी नाही. बटणं, शिवणी असलेली चिंधी नको.

प्रेशरनं धुताना नोझल चाकापासून हातभर लांब ठेवा. हबच्या सीलवर, हवेच्या नळीवर, एबीएसच्या सेन्सरवर आणि वायरवर थेट झोत मारला तर पाणी आत शिरतं. हबमधल्या ग्रीसमध्ये पाणी गेलं की बेअरिंगचे दिवस भरले. ब्रेकची भुकटी हवेच्या पाइपनं उडवायची तर अजिबात नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो श्वासातून आत गेला की फुप्फुसातून बाहेर निघत नाही. भुकटी नेहमी ओली करूनच धुवा, नाका-तोंडाला रुमाल बांधा. धुऊन झाल्यावर गाडी हलवताना मोकळ्या जागेत दोन-तीनदा हलका ब्रेक मारा, म्हणजे ओला लायनर कोरडा होतो आणि ब्रेक धरतो की नाही तेही कळतं.

चकाकीइतकंच, किंबहुना तिच्याहून जास्त मोलाचं काम या धुण्यात होतं. चाक धुणारा माणूस दहा-पंधरा मिनिटं चाकाच्या समोर उकिडवा बसलेला असतो. इतक्या जवळून आणि इतका वेळ त्या चाकाकडे दुसरं कुणीच बघत नाही, ड्रायव्हरही नाही आणि मेकॅनिकही नाही. म्हणून धुण्याआधी, चाक मळकट असतानाच, एकदा नीट वाचा. नटाच्या बुडाशी सुरू होऊन बाहेरच्या दिशेला गेलेली तांबूस रेघ दिसली, तर तो नट हलतो आहे. हलणारं लोखंड घासतं, त्याची भुकटी होते, ती गंजते आणि चाक फिरताना बाहेर फेकली जाते. ती रेघ तिचीच. नटाच्या बुडाशी रंग घासून उघडं, चकचकीत कडं पडलं असेल तर तेही सैल नटाचंच लक्षण. एखादा नट घट्ट करून भागत नाही. चाक उतरवून स्टडची भोकं लांबट झालीत का, ते पाहावं लागतं. भोक लांबट झालेली डिस्क भंगारातच जायला हवी.

डिस्कला हवेसाठी जी मोठी भोकं असतात, त्यांच्या कडेनं बारीक तडा शोधा. तड्यातूनही गंजाची बारीक रेघ बाहेर येते आणि धुतल्यावर ती दिसेनाशी होते, म्हणून आधी बघायचं. आतल्या बाजूनं रिमवर आणि टायरवर ग्रीसचे शिंतोडे असतील तर हबचं ऑइल सील गेलं आहे. ते ग्रीस लायनरवर पोहोचलं की त्या चाकाचा ब्रेक नावालाच राहतो, आणि पुढे घाट असतो. सगळ्या चाकांपैकी एकावरच काळी भुकटी जास्त बसत असेल, किंवा थांबल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागत असेल, तर त्याचा ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग तक्रार करतं आहे. ही तपासणी क्लीनरला शिकवा. त्याला नुसतं 'चाकं चमकव' म्हणून सांगणारा मालक निम्मंच काम करून घेतो.

याच कारणानं नटांवरच्या चकचकीत टोप्या आणि पूर्ण झाकणारं कव्हर मला पसंत नाही. ज्या नटांवर भरलेल्या गाडीचं सगळं वजन चालतं, ते नट डोळ्यांसमोर असले पाहिजेत. हौस असेल तर पटकन निघणारं कव्हर घ्या आणि दर आठवड्याला काढून बघा. कव्हर घट्ट बसतं का, तेही पाहा. वेगात उडालेलं झाकण मागच्या मोटारसायकलवाल्याच्या अंगावर जाऊ शकतं. बाहेर टोकं काढलेल्या भाल्यासारख्या टोप्या तर बाजारपेठेतल्या गर्दीत कुणाच्या पायाला लागतील सांगता येत नाही. त्या काढूनच टाका.

आपल्या भागात माल काय वाहतो, यावरही धुण्याचं वेळापत्रक ठरतं. पिंपळगावहून टोमॅटो भरला तर फुटलेल्या टोमॅटोचं आंबट पाणी फळ्यांतून मागच्या चाकांवर ठिबकतं. पावसात भिजलेल्या, सडू लागलेल्या कांद्याचंही तसंच. गाडी रिकामी झाल्या दिवशी चाकं धुतली तर काही होत नाही. चार दिवस राहिलं तर डाग बसतो. खत वाहणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. क्रोम आणि लोखंडासाठी ते मिठापेक्षा वेगळं नाही. मालधक्क्यावर पोती फाटून सांडलेलं खत चाकाच्या कोपऱ्यात अडकतं आणि पहिल्या सरीबरोबर गंज धरतो. त्याला साबणाची गरज नाही, नुसतं भरपूर पाणी हवं, पण त्याच दिवशी हवं. बंदराच्या खेपेनंतरही तसंच करा, मग चाक दिसायला स्वच्छ असो वा नसो. खारी हवा डोळ्यांना दिसत नाही. राखेचे बल्कर आणि सिमेंटच्या गाड्या चालवणाऱ्यांनी कोरडी राख कापडानं कधीच पुसू नये; आधी पाण्यानं वाहू द्यावी. घट्ट झालेला सिमेंटचा थेंब ओल्या फडक्याखाली बराच वेळ भिजवून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या कडेनं उचकटावा, पान्याच्या टोकानं नाही.

ठिपके पडलेच असतील तर उपाय स्वयंपाकघरात आहे. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल घ्या, तिचा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि तांबड्या ठिपक्यांवर गोल गोल, हलक्या हातानं फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ आहे, म्हणून चांगल्या थराला ओरखडा पडत नाही. पण गंजाशी त्याची ओल्यात रासायनिक क्रिया होते आणि गंज सुटतो. थोड्याच वेळात पाणी तपकिरी-काळं होईल. ते पुसा, बोळा उलटा करा, पुन्हा फिरवा. डबा खाऊन झाल्यावर टाकून देतो तीच फॉइल यासाठी पुरते. नंतर धुऊन, पूर्ण कोरडं करून त्या जागी क्रोमसाठी असलेलं पॉलिश अगदी थोडं लावा. हे पॉलिश वर्षातून दोन-तीन वेळांपेक्षा जास्त नको. प्रत्येक पॉलिशमध्ये बारीक खर असते आणि प्रत्येक हात थोडंसं क्रोम नेतोच. फॉइलचा हा उपाय क्रोम चढवलेल्या लोखंडावर करायचा. प्लॅस्टिकवरच्या क्रोमवर, लॅकरवर किंवा अलॉयवर नाही.

गंज निघाल्यावर तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा राहतो. तो भरून येत नाही. पण त्यात मेण बसलं तर पाणी पुन्हा आत जात नाही. चकाकी टिकवायचं खरं काम मेणच करतं. गाडीला लावायचं कार्नोबा मेण किंवा त्या प्रकारचं सीलंट कोरड्या, गार क्रोमवर पातळ लावा, धुरकट झालं की स्वच्छ कापडानं पुसून घ्या. जाड लावून उपयोग नाही, जास्तीचं पुसलंच जातं. उन्हाळ्यात-हिवाळ्यात दोन-तीन महिन्यांनी एकदा पुरतं. पावसाळ्यासाठी मृग लागण्याआधी, म्हणजे मेअखेरीस, एक दिवस आड दोन हात द्या आणि पुढे सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा. मेण लावलेल्या क्रोमवर पाण्याचे गोल थेंब उभे राहतात. थेंब पसरायला लागले की मेण संपलं, पुन्हा लावायची वेळ झाली.

आता मागची बाजू. झाकणाच्या, बंपरच्या आणि कव्हरच्या आतल्या अंगाला क्रोम अगदी विरळ चढलेलं असतं, काही वेळा नसतंच. ओल तिथे राहते, गंज तिथे सुरू होतो आणि वरच्या चकाकीला आतून उचलतो. मे महिन्यात कव्हर काढा, आतून धुवा, पूर्ण वाळवा, सैल गंज ब्रशनं झाडा आणि आतून गंजरोधक प्रायमरवर काळा रंग मारा. रंग नको असेल तर गंजरोधक फवारा, डब्ल्यूडी-४० सारखा, निदान महिन्यातून एकदा. वर्षातून एक दुपार या कामाला दिली तर क्रोमचं आयुष्य दुप्पट होईल असं मी सांगणार नाही, पण आतून कुजलेलं झाकण फेकण्याची पाळी बरीच पुढे जाते.

मेण, तेल, ग्रीस, रंग यांपैकी काहीही डिस्क आणि हब जिथे एकमेकांना टेकतात त्या सपाट पृष्ठभागावर, किंवा नटाच्या बसायच्या जागी, जाता कामा नये. तो सांधा कोरड्या लोखंडाच्या पकडीवर उभा असतो. मध्ये रंगाचा थर आला की तो दाबला जाऊन झिजतो आणि घट्ट केलेले नट आपोआप सैल पडतात. स्टडच्या आट्यांना तेल लावायचं की नाही, हे गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच पाळा. चाक काढून बसवलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरवर नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला तपासा. इगतपुरीत चाक बदललं तर नाशिककडे जाताना ओझरला, मुंबईकडे जाताना पडघ्याला थांबून पाना लावायचाच.

दसऱ्याचं धुणं आपल्याकडे सगळ्यात मोठं. खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजायची आणि गाडीलाही झेंडूचा हार घालायचा, हे प्रत्येक गाडीमालक मनापासून करतो आणि करावंच. फक्त पूजेनंतरचं थोडं बघा. चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा रस कव्हरवर उडतो, नारळाचं पाणी सांडतं, ओलं हळद-कुंकू आणि गुलाल नटांच्या खाचांत बसतो, हार चाकावर किंवा बंपरवर तसाच सुकून कुजतो. पूजेचा मान ठेवून संध्याकाळी हार उतरवा आणि चाकांवरून साध्या पाण्याचा हात फिरवा. कुंकवाची बोटं क्रोमऐवजी काचेवर किंवा रंगाच्या पत्र्यावर लावली तरी पूजा तेवढीच पोहोचते. हार तारेनं नको, सुतळीनं बांधा. तार क्रोमला ओरखडते.

क्रोमचा पापुद्रा सुटायला लागला, की मग घरचे उपाय संपले. सुटलेली कड ब्लेडसारखी कापते, हात लावताना जपा. असं झाकण किंवा बंपर परत क्रोम करून मिळतं, नाशिकच्या सातपूर-अंबडकडे प्लेटिंगची कामं होतात. पण त्यात जुना थर उतरवणं, पत्रा घासणं, पुन्हा निकेल आणि क्रोम चढवणं असा सगळा खटाटोप असतो, आणि साध्या झाकणासाठी नवीनच स्वस्त पडतं. भार वाहणारी डिस्क, नट आणि स्टड मात्र सजावटीच्या प्लेटिंगला देऊ नका. घासण्यात धातू कमी होतो, ॲसिडच्या टाक्यांमुळे कठीण पोलादात ठिसूळपणा येऊ शकतो आणि आट्यांवर थर चढला की नट नीट बसत नाही. चमक दाखवायला कव्हर आहे, डिस्कनं वजन पेलायचं. चंदेरी स्प्रे मारून क्रोमसारखं दिसेल असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. तो राखाडी रंग दिसतो. त्यापेक्षा साध्या डिस्कला चांगला एनॅमल मारलेला कितीतरी देखणा, आणि त्याच्यावर तडा पटकन दिसतो.

शेवटी एक विनंती, आणि ती या तालुक्यातल्या प्रत्येक गाडीमालकाला आहे. इगतपुरीच्या डोंगरातलं पाणी दोन बाजूंना उतरतं. दारणा, भावली, मुकणे ही धरणं गोदावरीच्या खोऱ्यात भरतात. ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला जातं. ओढ्यात चाकं बुडवून गाडी उभी करायची आणि डिझेल, ग्रीस, ब्रेकची भुकटी, साबण सगळं त्यात सोडायचं, हे बंद झालं पाहिजे. गाडी ओढ्या-धरणापासून लांब, निचऱ्याची आणि तेल अडवायची सोय असलेल्या वॉशिंग सेंटरवरच धुवा, आणि पॉलिश-ग्रीसनं माखलेली फडकी तिथेच कचऱ्यात टाका.